वेगळा डेक घेऊन स्पर्धेला निघण्याआधी

पोकेमॉनच्या कार्डगेममध्ये सगळे खेळतात तो गाजलेला डेक (साठ कार्डांचा गठ्ठा) सोडून स्वतःचा वेगळा डेक घेऊन सोलापूरहून स्पर्धेला जायचं असेल, तर वहीचं पहिलं पान फक्त एका वाक्यासाठी ठेवा: हा डेक जिंकतो कसा? "हा पोकेमॉन मला आवडतो" हे डेक बांधायला घ्यायचं कारण झालं आणि ते चांगलंच कारण आहे. पण जिंकण्याचं वाक्य वेगळं असतं. उदाहरणार्थ, "समोरच्याला आपले सहा पोकेमॉन नॉकआउट करायला, म्हणजे पाडायला लावायचे आणि आपलं काम तीनमध्ये उरकायचं." किंवा, "त्याच्या पोकेमॉनच्या ॲबिलिटी (कार्डावरच्या खास शक्ती) बंद करून त्याला हातातल्या कार्डांवरच खेळायला भाग पाडायचं." असं वाक्य जमत नसेल तर साठ कार्डं जमवायची घाई करू नका.

हे वाक्य शोधताना पोकेमॉनच्या कार्डगेममध्ये जिंकायचे तीन रस्ते आहेत हे समोर असू द्या. आपली सहाही प्राइझ कार्डं (सुरुवातीला आपल्याच डेकमधून बाजूला ठेवलेली, समोरच्याचा पोकेमॉन पाडला की मिळणारी) घेणं हा पहिला. समोरच्याचा मैदानात एकही पोकेमॉन न उरणं हा दुसरा. त्याच्या पाळीच्या सुरुवातीला उचलायला डेकमध्ये कार्डच नसणं हा तिसरा. बहुतेक डेक पहिल्या रस्त्यासाठी बांधलेले असतात, त्यामुळे उरलेल्या दोन्ही रस्त्यांवर त्यांची तयारी तोकडी असते. 2015 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत वेलॉर्ड ईएक्सचा डेक अंतिम फेरीपर्यंत गेला. 250 एचपीचा, म्हणजे तेवढा मार सोसणारा हा पोकेमॉन मार खात बसून राहायचा आणि समोरच्याची कार्डं संपायची.

पहिल्या रस्त्यानेही वेगळं जाता येतं, फक्त हिशोब मांडून बघावा लागतो. एक्स पोकेमॉन (नावात 'ex' असलेला, जास्त ताकदीचा) पडला की दोन प्राइझ मिळतात, मेगा एक्स पडला की तीन आणि साधा पडला की एक. म्हणजे तुमच्या डेकमध्ये सगळे साधे पोकेमॉन असतील तर समोरच्याला सहा नॉकआउट करावे लागतात, तुम्हाला त्याचे तीन एक्स किंवा दोन मेगा पुरतात. कागदावर हे फार छान दिसतं. आता पुढचा प्रश्न त्याच पानावर लिहा: माझा साधा पोकेमॉन त्याचा एक्स एका किंवा दोन पाळ्यांत पाडतो का, आणि पडल्यानंतर त्याच्या जागी दुसरा लगेच उभा राहतो का? एका पाळीत हातातून एकच एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायचं कार्ड) लावता येते. तुमच्या हल्ल्याला तीन एनर्जी लागत असतील आणि पोकेमॉन दर पाळीला पडत असेल, तर तो हिशोब कागदावरच राहणार. म्हणून एनर्जी कुठून येणार याचं उत्तर मिळाल्यावरच पुढे जा.

वाक्य पक्कं झालं की साठातल्या प्रत्येक कार्डाला विचारा की या वाक्यात तुझं काम काय. याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे 2015 ची बोस्टनमधली जागतिक स्पर्धा. जेकब व्हॅन वॅगनर ती जिंकला ब्लास्टॉइजच्या डेकवर. ब्लास्टॉइज हा स्टेज 2, एरवी त्याला पायरीपायरीने चढवावं लागतं. या डेकमध्ये मात्र 'आर्चीज एस इन द होल' हे सपोर्टर (एका पाळीत एकच खेळता येणाऱ्या प्रकारातलं) कार्ड होतं. हातातलं ते शेवटचंच कार्ड असेल तर डिस्कार्डमधला (टाकलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यातला) वॉटर पोकेमॉन थेट बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव जागेवर ठेवता येतो आणि वर पाच कार्डं उचलता येतात. आता हाच डेक उलटा वाचा. ब्लास्टॉइज आधी डिस्कार्डमध्ये हवा, म्हणून डेकमधली कार्डं तिथे टाकणारा बॅटल कंप्रेसर. हात रिकामा व्हायला हवा, म्हणून दोन कार्डं टाकायला लावणारा अल्ट्रा बॉल. एरवी जी किंमत वाटते, तीच इथे फायदा झाली. एकदा ब्लास्टॉइज बसला की हातातल्या वॉटर एनर्जी हव्या तितक्या लावता येतात आणि केल्डिओ ईएक्सचा हल्ला प्रत्येक एनर्जीगणिक वाढत जातो. सगळी साठ कार्डं एकाच वाक्याची सेवा करतात. वेगळा डेक असाच असावा लागतो. नावाजलेल्या डेकमध्ये आवडीची दोन कार्डं घुसवली तर तो फक्त थोडा कमकुवत झालेला नावाजलेला डेक होतो.

नियमांची तपासणी याच वेळी उरका. बरोबर साठ कार्डं, एकाच नावाची जास्तीत जास्त चार, मूळ एनर्जीला ही मर्यादा नाही. एस स्पेक (खास ताकदीचं) कार्ड डेकमध्ये एकच. स्टँडर्ड (फक्त अलीकडची कार्डं चालणाऱ्या) प्रकारात कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं अक्षर बघा, दरवर्षी जुनी अक्षरं बाद होतात. त्याच नावाचं आणि त्याच मजकुराचं कार्ड नव्या अक्षरासह पुन्हा छापलं गेलं असेल तर घरातली जुनी प्रतही चालते. वेगळा डेक बांधणाऱ्याच्या खोक्यात जुनी कार्डं जास्त असतात, तेव्हा हे नीट बघा.

मग आकडे. आकडेमोडीचा कंटाळा करू नका, कारण गाजलेल्या डेकचे आकडे हजारो लोकांनी खेळून पक्के केलेले असतात आणि तुमच्या डेकचे कुणीच केलेले नसतात. ज्या कार्डाच्या चार प्रती ठेवल्यात ते सुरुवातीच्या सात कार्डांत दिसण्याची शक्यता सुमारे 40 टक्केच असते. "चार टाकलीत, येईलच" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, पण दहापैकी सहा वेळा ते येत नाही. म्हणून ते शोधून आणणारी कार्डंही मोजा. डेकमध्ये बेसिक (पायरी न चढवता थेट ठेवता येणारे) पोकेमॉन आठच असतील तर पहिल्या हातात एकही न येण्याची शक्यता सुमारे 35 टक्के. बारा ठेवले तर ती 19 टक्क्यांवर येते. बेसिक नसल्याने हात पुन्हा घ्यावा लागणं म्हणजे मुलिगन. प्रत्येक मुलिगनला समोरच्याला एक जादा कार्ड उचलता येतं, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच तुम्ही त्याला मदत करता. आणि एकच प्रत ठेवलेलं कार्ड दहातून एकदा प्राइझमध्ये अडकतं. डेकचं सगळं वाक्य ज्या कार्डावर उभं आहे त्याची एकच प्रत ठेवू नका. दोन ठेवल्या तर दोन्ही प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता एक टक्क्याच्याही खाली जाते. त्या दुसऱ्या प्रतीसाठी जागा काढताना जे कार्ड काढवत नाही, बहुतेक वेळा तेच काढावं लागतं.

कार्डं विकत घेण्याची घाई नको. घरच्या सरावासाठी चिठ्ठीवर नाव आणि मजकूर लिहून स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लॅस्टिक कव्हरमध्ये) साध्या कार्डावर सरकवा, तेवढं पुरतं. स्पर्धेत मात्र असली चिठ्ठी किंवा झेरॉक्स चालत नाही. खेळण्यांच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत टांगलेली ती सोनेरी, चकचकीत पाकिटं तर अजिबात नकोत. ती नकली असतात, आणि लहान मुलं त्यांच्यावर खाऊचे पैसे घालवतात तेव्हा वाईट वाटतं. तुमच्या गल्लीतला कुणी पोरगा ती घेताना दिसला तर त्याला खरं कार्ड हातात देऊन फरक दाखवा. सोलापुरात सुटी कार्डं दुकानात जाऊन निवडून आणावीत अशी सोय नाही. कुरियरने किंवा पुण्या-मुंबईच्या खेळाडूंकडूनच मागवायची आहेत, तर निदान तीन आठवडे हाताशी ठेवा.

आता सराव, आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्या. वेगळ्या डेकबद्दलचा मोठा गैरसमज म्हणजे समोरचा गोंधळेल आणि आपण जिंकू. तो गोंधळतो, पण एकाच डावात. तीन डावांच्या फेरीत दुसऱ्या डावाला त्याला सगळं कळलेलं असतं. दुपारच्या सुट्टीपर्यंत तर शेजारच्या टेबलांनाही कळतं की निळ्या स्लीव्हवाला सोलापूरकर काहीतरी वेगळंच खेळतोय. म्हणून जो डेक ओळखीचा झाल्यावरही जिंकतो तोच न्यायच्या लायकीचा. 2024 च्या होनोलुलूतल्या जागतिक स्पर्धेत चिलीचा फर्नांडो सिफुएन्तेस आयर्न थॉर्न्स एक्स खेळून जिंकला. हा पोकेमॉन ॲक्टिव्ह (पुढच्या, लढणाऱ्या) जागेवर असेपर्यंत फ्यूचर प्रकारातले सोडून बाकी सगळ्या रूलबॉक्सवाल्या (कार्डावर खास नियमाची चौकट असलेल्या, जसे एक्स) पोकेमॉनच्या ॲबिलिटी बंद. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, कार्डावर सगळं छापलेलं होतं. समोर काय येणार हे माहीत असूनही त्यातून वाट काढणं अवघड होतं, आणि वेगळेपण असं असलं तर ते शेवटच्या फेरीपर्यंत टिकतं.

त्यामुळे सरावाला जोडीदार निवडताना गाजलेला डेक आपल्यातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूच्या हातात द्या, आणि तुमची यादी त्याला आधी वाचायला द्या. "काय बे, हे चालतंय होय?" असं तो म्हणाला तरी त्यालाच बसवा. काही डाव जागा बदलून खेळा. स्वतःच्याच डेकविरुद्ध खेळलात की तो कुठून फाटतो ते फार लवकर दिसतं. आपल्याकडे खेळणारे मोजके, परीक्षा आल्या की तेही गायब, आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत संध्याकाळी कुणी हाती लागत नाही. अशा वेळी फोनवर पोकेमॉन टीसीजी लाइव्ह आहे. तिथे अनोळखी खेळाडू मिळतात आणि नियमांची अंमलबजावणी यंत्र करतं, त्यामुळे कार्डाचा मजकूर आपण चुकीचा वाचत होतो का हेही कळतं. पण समोर माणूस बसवून, हाताने कार्डं पिसून केलेला सराव वेगळाच. तोही हवा.

हरलेल्या प्रत्येक डावाची नोंद करा आणि ती तीन खान्यांत विभागा. पहिला खाना, मांडणीच झाली नाही. दुसरा, मांडणी झाली तरी हरलो. तिसरा, वेळ संपला. पहिल्या खान्यात गर्दी असेल तर कल्पना ठीक आहे, आकडे बिघडलेत. बेसिक वाढवा, शोधणारी कार्डं वाढवा. दुसऱ्या खान्यात गर्दी असेल तर पहिल्या पानावरचं वाक्यच तपासायला हवं, दोन कार्डं इकडची तिकडे करून भागणार नाही. एका सरावात एकच बदल करा. पाच बदल एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. आणि कुठल्या डेकसमोर हरायचं आहे हेही ठरवून टाका. सगळ्यांवर उत्तर असलेला डेक नसतो. एका गाजलेल्या डेकसमोर मार खाल्ला तरी बाकी तिघांसमोर उभा राहत असेल तर तो घेऊन जावा, असं माझं ठाम मत आहे.

तिसऱ्या खान्याकडे दुर्लक्ष नको. मोठ्या स्पर्धांत तीन डावांच्या फेरीला 50 मिनिटं असतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. एकेक डाव जिंकून वेळ संपली तर दोघांची बरोबरी. समोरच्याची कार्डं संपवणारा डेक मुळातच सावकाश जिंकतो, म्हणून सराव घड्याळ लावून करा. तुमच्या पाळ्या भरभर व्हायला हव्यात, पिसणं भरभर व्हायला हवं, आणि हरणारा डाव कधी सोडायचा हे कळायला हवं. कोण आधी खेळणार याचाही विचार घरीच करा. पहिल्या खेळाडूला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही आणि सपोर्टर खेळता येत नाही. गाजलेले डेक कुठला क्रम पसंत करतात यावरून आपलं ठरवू नका, दोन्ही क्रमांनी खेळून बघा.

तुमची निम्मी कार्डं समोरच्याने कधी पाहिलेली नसतील. तो वाचायला मागेल, तो त्याचा हक्क आहे. प्रत्येक अनोळखी कार्डासाठी एक वाक्य हिंदीत आणि एक इंग्रजीत तयार ठेवा आणि मोठ्याने म्हणून बघा. घरी आपण मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये खेळतो आणि तिथे टेबलावर गेल्यावर शब्द अडतात. जपानी कार्ड वापरणार असाल तर ते त्या स्पर्धेत चालतं का हे आयोजकांना आधीच विचारा. शंका आली की हात वर करून पंचांना बोलवा, त्यात भांडण काही नसतं.

कार्डांची निगा हा सोलापूरकरांसाठी खास मुद्दा आहे. फॉइल (चकचकीत) कार्डाचा कागद हवेतली ओल घेतो आणि सोडतो, वरचा थर मात्र तसाच राहतो, म्हणून कार्ड वाकतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यातून पावसाळी मुंबईत गेलं की ते दुसऱ्या बाजूला वाकायला लागतं. डेकमधली महत्त्वाची चारच कार्डं फॉइल असतील आणि ती वाकलेली असतील, तर गठ्ठ्यात ती ओळखू येतात आणि पंच त्याला खुणेची कार्डं मानू शकतात. शक्यतो साधी प्रत वापरा. एप्रिल-मेमध्ये डेक गाडीच्या डिकीत ठेवून सात रस्त्याला कामाला जाऊ नका. स्लीव्ह सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच पाकिटातल्या, मागून अपारदर्शक असाव्यात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्या चढवा आणि दहा-बारा जादा जवळ ठेवा. फासे, डॅमेज काउंटर, पॉयझन आणि बर्नच्या खुणा, पाण्याची बाटली. शेंगाचटणी आणि भाकरी बांधून घ्या, पण तेलाचा हात धुतल्याशिवाय कार्डांना लावू नका.

डेकची यादी इंग्रजीत, नीट अक्षरात. पोकेमॉनच्या नावापुढे संचाचा कोड आणि कार्डाचा क्रमांक लागतो. लिहिल्यावर प्रत्यक्ष डेक टेबलावर मांडून यादीशी जुळवा आणि हे काम दुसऱ्याकडूनही करून घ्या. यादी आणि डेक जुळले नाहीत तर दंड होतो. यादीचा फोटो फोनमध्ये राहू द्या.

प्रवास. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पुण्यात पोचेपर्यंत दहा वाजून जातात, आणि नोंदणी त्याआधी बंद होणार असेल तर आदल्या दिवशीच निघावं लागेल. कुणा नातेवाइकाकडे राहणार असाल तर सकाळी लवकर निघायचंय हे मावशीला रात्रीच सांगून ठेवा, नाहीतर पोहे खाल्ल्याशिवाय ती सोडणार नाही. गाडीत डेक सामानाच्या बॅगेत नको, जवळच्या पिशवीत असू द्या. परतीचं तिकीट संध्याकाळच्या हुतात्माचं काढायचा मोह होतो, पण स्विस फेऱ्यांनंतर (सगळे खेळतात त्या सुरुवातीच्या फेऱ्या) वरच्या खेळाडूंची बाद फेरी असेल तर ती गाडी चुकते. वेळापत्रक बघून रात्रीच्या गाडीचं किंवा दुसऱ्या दिवशीचं काढा. वरच्या आठांत यायची तयारी केली आहे, तर तिकीटही त्याच हिशोबाने असू द्या.