नवलेखकाला मार्गदर्शन करताना या चुका टाळा

दर रविवारी सकाळी साडेनऊला जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात सात-आठ मुलं वह्या घेऊन येतात. कुणी अकरावीतलं, कुणी नुकतंच बी.ए. झालेलं, एक जण केळीच्या कटाईला जाणारा. कुणी कविता लिहितं, कुणी गोष्टी. बारा वर्षं हे चालू आहे. या काळात मुलांचं लिखाण अडलं ते बहुतेक वेळा त्यांच्या चुकांमुळे नाही, आम्हा शिकवणाऱ्यांच्या चुकांमुळे अडलं, असं मला आता वाटतं. म्हणून हा लेख जास्त करून मार्गदर्शकांसाठी आहे.

दुरुस्त करून देऊ नका

सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती मी स्वतः केली आहे.

अकरावीतल्या एका मुलीने आजीवर गोष्ट लिहिली होती. उन्हाळा, चार दिवसांआड येणारा नळ, रात्री दोन वाजता आलेलं पाणी आणि सगळ्या घराला उठवणारी आजी. मी वही घरी नेली, दोन तास बसलो आणि लाल पेनाने पानं भरून टाकली. शेवट बदलला. आजी नातीला म्हणत होती, ‘ऊठ वं माय, पानी आलं.’ त्याचं मी केलं, ‘ऊठ गं बाळ, पाणी आलं.’ गोष्टीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बक्षीस मिळालं. मला फार आनंद झाला.

तीन महिन्यांनी तिने दुसरी गोष्ट आणली. आजी तीच होती, पण आता ती वर्गात मी बोलतो तशी बोलत होती. मुलगी ‘असंच लिहायचं असतं’ हे माझ्याकडून शिकली होती. मधल्या काळात तिने चार पानं लिहून फाडलीही होती, कारण ‘सरांसारखं जमत नव्हतं’.

मार्गदर्शकाने वाक्य बदलून दिलं की ते वाक्य सुधारतं आणि लिहिणारा तिथेच थांबतो. त्याला फक्त एवढं कळतं की बरोबर उत्तर दुसऱ्याकडे आहे. आत्मविश्वास जातो तो असा, कुणी रागावल्याशिवाय, कौतुकाच्या वातावरणात.

आता मी वहीवर काहीही लिहीत नाही. वेगळा कागद घेतो आणि त्यावर जास्तीत जास्त तीन प्रश्न लिहितो. ‘आजोबा कुठे आहेत?’ ‘पाणी भरून झाल्यावर आजी झोपली का?’ ‘इथे मी दोनदा मागे जाऊन वाचलं, कोण बोलतंय ते कळेना.’ तीनच, कारण दहा प्रश्न दिले की मुलं सोपे सात सोडवतात आणि कठीण तीन राहून जातात. दुसरी सवय अशी की गोष्ट लिहिणाऱ्याने नाही, गटातल्या दुसऱ्या कुणी तरी मोठ्याने वाचायची. वाचणारा कुठे अडखळतो, कुठे श्वास पुरत नाही, कुठे आवाज आपोआप खाली येतो, हे लिहिणारा समोर बसून ऐकतो. वाक्य कुठे लांबलंय हे मला सांगावं लागत नाही.

त्या मुलीचं काय केलं? तिला म्हटलं, आजीला पुन्हा ती नळाची रात्र सांगायला लाव आणि मोबाइलवर रेकॉर्ड कर. मग ते ऐकत जसंच्या तसं उतरव. तिने नऊ पानं उतरवून आणली. त्यातून गोष्ट अडीच पानांची झाली, आणि काय ठेवायचं, काय गाळायचं हे तिनेच ठरवलं.

बोलीला चूक समजू नका

आमच्या भागात याची उदाहरणं घरातच आहेत. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेवांनी आणि मावसभावाने उतरवून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत लिहिणारे कवी होते. आईची ओळ ‘नीट’ करणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी ती आईच्या बोलीत राहू दिली. ‘न’चा ‘ण’ करायला माझा हात पुढे जातो तेव्हा मी हे आठवतो.

शुद्धलेखनाची भीती घालणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९६२ पासून शासनमान्य असलेल्या लेखनविषयक नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडच्या भाषेला मोकळीक आहे. निवेदन प्रमाण मराठीत असेल तर ऱ्हस्व-दीर्घ जरूर पाहावं, पण ते सर्वांत शेवटी, गोष्ट उभी राहिल्यावर. पहिल्याच खर्ड्यात वेलांट्या-उकार तपासले की मूल अवघड शब्द टाळायला लागतं. ‘विहीर’ लिहिताना चुकायला नको म्हणून ‘आड’ लिहिणारा मुलगा मी पाहिला आहे. त्याच्या कवितेत विहीरच हवी होती.

मार्गदर्शकाला एखादा शब्द कळत नसेल तर? विचारावं. मुंबईतल्या वेश्यावस्तीतलं जगणं मांडणारा नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह १९७२ साली आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर तेव्हा नावाजलेले नाटककार होते, ढसाळ विशीतले कवी. त्या कवितांतले कितीतरी शब्द तेंडुलकरांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते कवीला विचारले, त्याच्याबरोबर त्या वस्तीत फिरले. वडीलधारा लेखक तरुणाकडून शिकायला बसतो तेव्हा त्या तरुणाला आपल्या जगाची किंमत जशी कळते, तशी कुठल्याही शाबासकीने कळत नाही.

‘छान आहे’ म्हणू नका

‘छान’, ‘भावस्पर्शी’, ‘लिहीत राहा’ हे शब्द ऐकून मुलं घरी जातात आणि काय छान होतं ते त्यांना कळत नाही. त्यापेक्षा एखादी ओळ दाखवा. ‘बादली भरल्यावर आवाज बदलतो, हे तू लिहिलंस. ते मला ऐकू आलं.’ एवढं पुरतं.

आपला साचा लादू नका

हा मुद्दा सोपा नाही. मार्गदर्शकाला स्वतःची आवड असतेच, आणि आवड नसलेल्या माणसाकडून शिकण्यासारखंही फार नसतं.

मौज प्रकाशनाच्या ‘सत्यकथा’ मासिकाचं उदाहरण घ्या. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नव्या लेखकाची कथा नुसती साभार परत करत नसत. पत्र लिहून कुठे अडतंय ते सांगत, पुन्हा लिहायला लावत. मराठी कथालेखकांची एक पिढी अशा पत्रांवर घडली. कुठलीही फी नाही, प्रमाणपत्र नाही, नुसता वेळ आणि लक्ष. असं वाचन आज क्वचितच कुणाच्या वाट्याला येतं, आणि मला त्याची फार उणीव जाणवते.

पण साठच्या दशकाच्या शेवटी लघुअनियतकालिकं, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर जमेल तशी निघणारी छोटी मासिकं, काढणाऱ्या तरुणांनी याच मासिकाच्या अंकाची होळी केली. तिथल्या अभिरुचीचा साचा झाला आहे, त्या साच्यात आमचं जगणं बसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मला वाटतं दोन्ही बाजू खऱ्या होत्या. बारकाईने वाचणारा माणूस हवाच, पण त्याची नजर एकच असली की त्या नजरेपलीकडचं लिहिणारा बाहेर राहतो.

यावर उपाय एकच मला सापडला आहे: स्वतःला न आवडणारी पुस्तकंही मुलांच्या हातात द्यायची, आणि काही मुलांना दुसऱ्याकडे पाठवायचं. मला गझल कळत नाही. गझल लिहिणाऱ्या मुलाला मी भुसावळच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे पाठवतो. तो परत येऊन मला मात्रा समजावतो.

बालकवींचं उदाहरणही इथे घेण्यासारखं आहे. ते आमच्या जिल्ह्यातल्या धरणगावचे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरेने कविता म्हटली आणि त्याला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. मुलाला पदवी देऊन घरी पाठवायचं, इथेच बहुतेक संमेलनांचं काम संपतं. रेव्हरंड ना. वा. टिळक पुढे गेले. त्यांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा मुलगा घरातलाच होऊन वावरताना दिसतो. टिळक ख्रिस्ती धर्मोपदेशक, स्वतः मोठे कवी. ठोमरेंनी मात्र ना धर्म बदलला, ना कवितेची वाट. ते आपल्या निसर्गाकडेच गेले, आणि टिळकांच्या घरात त्यांचं ताट मांडलेलंच राहिलं.

छापण्याची घाई करू नका

जून उजाडला की मुलं दिवाळी अंकाच्या मागे लागतात. मग स्पर्धा, मग संग्रह. पहिला खर्डा झाल्यावर पंधरा दिवस तो कपाटात ठेवा, असं मी सांगतो. पंधरा दिवसांनी मुलं स्वतःच दोन परिच्छेद काढतात.

पुस्तकासाठी मुलाच्या बापाने कर्ज काढणं किंवा मुलीने शिष्यवृत्तीचे पैसे घालणं, हे मार्गदर्शकाने थांबवायलाच हवं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. ती आधी पाहावी. केंद्र सरकारने २०२१ साली ‘युवा’ योजना सुरू केली. तिच्या पहिल्या फेरीत तीस वर्षांखालच्या ७५ लेखकांना सहा महिने मार्गदर्शन आणि दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती ठेवली होती. यातले सहा महिने मला महत्त्वाचे वाटतात. एका दिवसाच्या शिबिरात उत्साह येतो, पण लिखाण बदलायला त्याच माणसाने तुमचा दुसरा, तिसरा खर्डा वाचावा लागतो.

लिहिणाऱ्यांसाठी थोडंसं

एकच गोष्ट पाच जणांना दाखवू नका. पाच मतं येतील आणि गोष्ट सहाव्याच कुणाची होईल. ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘शेवट आधीच कळला का?’ असं विचारा, म्हणजे उपयोगी उत्तर मिळेल. सल्ला ऐकताना वाद घालू नका, लिहून घ्या, घरी जाऊन दोन दिवसांनी ठरवा. पटला नाही तर सोडून द्या, आणि सोडला असं सांगा. चांगल्या मार्गदर्शकाला त्याचा राग येत नाही.

राग येत असेल, तुमची वही कुणी स्वतःजवळ अडकवून ठेवत असेल, रात्री-अपरात्री फोन येत असतील, एकटं बोलावलं जात असेल, तर तिथून निघा आणि घरच्यांना सांगा. हे मुलींना मी पहिल्याच रविवारी सांगतो, मुलांनाही सांगतो. आमच्या बैठका वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर, दार उघडं ठेवून होतात. वाचायला नेलेली वही पुढच्या रविवारी परत मिळते.

मूल यायचं थांबलं तर

असं होतं. परीक्षा असते, लग्न ठरतं, कामाला सुरतेला जावं लागतं, किंवा नुसतं मन उडतं. मी पूर्वी फोन करून विचारायचो, ‘लिहितोयस ना?’ त्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणायची लाज वाटते म्हणून मुलं फोन उचलेनाशी होतात.

आता मी पुस्तक पाठवतो. कुणी गावाकडून त्या बाजूला जाणारं असलं की त्याच्या हाती देतो, वर चिठ्ठी लावतो: ‘वाचून झालं की वाचनालयात परत कर, यादीत तुझं नाव टाकलंय.’ केळीच्या कटाईला जाणारा मुलगा असाच दीड वर्षाने पुस्तक परत करायला आला होता. रविवार होता, साडेनऊ वाजले होते, टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तो बसला. त्या दिवशी त्याने काही वाचून दाखवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.