क्रूझवर स्वस्तातली इनसाइड केबिन घेताय? या चुका टाळा

इनसाइड केबिनला खिडकी नसते, म्हणून ती स्वस्त. पण खिडकी नसल्याचं फारसं काही अडत नाही. अडतं ते केबिन जहाजात कुठे आहे आणि आत झोपायची सोय कशी आहे, यावर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, न बघता बुकिंग करणं. नुसता आपला नव्हे, वरचा आणि खालचा डेकही बघा. डोक्यावर स्विमिंग पूल असेल तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचा खर्रर्र आवाज येतो. खाली थिएटर असेल तर मुलं झोपायच्या वेळेलाच दणदणाट. नकाशात नाव नसलेला कोरा भाग दिसला तर तिथे बहुधा स्वयंपाकघर किंवा कर्मचाऱ्यांचा वावर असतो. वर-खाली केबिनच असतील, तर ती जागा शांत. घरात कुणाला बोट लागत असेल तर खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमध असलेली केबिन घ्या.

गॅरंटी भाड्यात केबिनचा नंबर कंपनी मागाहून ठरवते. जोडप्याला चालेल, दोन केबिन हव्या असलेल्या कुटुंबाने त्या फंदात पडू नये, एक पुढे आणि एक मागे मिळायची.

चौघांच्या केबिनमध्ये बहुधा खाली दोन पलंग आणि भिंतीतून किंवा छतातून उघडणारे दोन बंक असतात. जागा साधारण 150 ते 180 चौरस फूट. बंक उघडले, त्यात बाळाचा पाळणा आला, की बाथरूमपर्यंत जाणंही कसरत. केबिन शोधतानाच बाळासकट सगळ्या माणसांची संख्या टाका. लाइफबोटींच्या क्षमतेमुळे माणसांवर मर्यादा असते, त्यामुळे बंक रिकामा असूनही ऐनवेळी माणूस वाढवता येईलच असं नाही. तिसऱ्या-चौथ्याचं भाडं बहुतेकदा कमी असतं, पण पोर्टचे कर आणि टिप माणशी लागतात. तो हिशेब धरून दोन केबिनच्या भाड्याशी तुलना करा. दुसरं बाथरूम मिळतं, हे विसरू नका.

बुकिंग होऊन गेलं असेल तर? दिवा मालवला की आत मिट्ट काळोख होतो, सकाळ झालेली कळत नाही. बॅटरीवरचा छोटा दिवा न्या. टीव्हीवर बाहेरचं दृश्य दाखवणारा जहाजाच्या कॅमेऱ्याचा चॅनल असेल तर आवाज बंद करून चालू ठेवा. भिंती बहुधा पोलादी असतात, चुंबकाचे हुक चिकटतात, ओले टॉवेल त्यावर. सर्ज प्रोटेक्टरचा (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा) एक्स्टेंशन बोर्ड मात्र नेऊ नका, तो चढतानाच काढून घेतात.