कुत्रा चावला: सीरम आणि लस दोन्ही का घ्यायची

शेतातल्या आखाड्यावर कुत्रा चावला की आधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. त्यानं जखम चिघळते. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

रक्त निघालं असेल तर लस एकटी पुरत नाही. दंडात दिलेल्या लशीत रेबीजचा मेलेला विषाणू असतो. तिथल्या पहारेकरी पेशी त्याचे तुकडे काखेतल्या गाठींत नेतात. थायमस ग्रंथीत तयार झालेल्या मदतनीस टी पेशी ते ओळखतात आणि अस्थिमज्जेत जन्मलेल्या, नेमक्या जुळणाऱ्या बी पेशींना इशारा देतात. त्या बी पेशी वाढून प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिनं, बनवू लागतात, पण त्याला 7 ते 14 दिवस लागतात. तोवर चाव्यातून आलेला जिवंत विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो. म्हणून तयार प्रतिपिंडांचं सीरम थेट जखमेत आणि भोवती टोचतात. घोड्याचं असेल तर वजनाच्या दर किलोला 40 युनिट, माणसाचं असेल तर 20. लशीच्या पहिल्या डोसनंतर 7 दिवस उलटले की सीरम देत नाहीत.

लस दंडाच्या स्नायूत घेतली तर डोस 0, 3, 7, 14, 28 व्या दिवशी; 0 म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. कातडीत घेतली तर 0, 3, 7, 28 ला. कुल्ल्यावर ही लस घेऊ नका, चरबीत ती नीट लागू पडत नाही.

बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला निघालेल्यांचे डोस इथंच तुटतात. कार्ड सोबत न्या, उरलेले डोस कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात घ्या. पूर्ण कोर्स झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला तर स्मृतिपेशी, म्हणजे आधीचा विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, लवकर जागतात: 0 आणि 3 व्या दिवशी असे लशीचे दोनच डोस, सीरम नाही.