डोंगराखालच्या वाडीने दरडीवर नजर कशी ठेवावी

माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इरशाळवाडी (१९ जुलै २०२३): तिन्ही दरडी भर जुलैच्या मुसळधारेत कोसळल्या. इरशाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. म्हणून यादीत नाव नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पाऊस आणि उतार दोन्ही वाडीनेच मोजावेत.

पर्जन्यमापक. सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्या. कमरेत बारीक असलेली नको, आकडा चुकतो. खांदा संपतो तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बुडाच्या खळग्यांत खडी घाला, अंग सरळ होतं तिथपर्यंत पाणी ओता. तिथे शून्याची खूण करून वर पट्टीने मिलिमीटर आखा. घर किंवा झाड जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर, पागोळ्यांचं पाणी उडणार नाही अशा जागी खांबाला घट्ट बांधा. रोज सकाळी साडेआठला आकडा लिहा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. बाटलीत साधारण १५० मिमीच मावतात, त्यामुळे ऐन धोक्याच्या दिवशी ती भरून वरून वाहू लागते. पावसाने जोर धरला की दर तीन तासांनी मोजून पाणी शून्यावर आणा आणि बेरीज ठेवा.

हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ११५.६ मिमीपासून पुढे अतिमुसळधार. पण आठवडाभराच्या पावसाने जमीन भिजून गच्च झाली असेल तर १०० मिमीलाच हलायचं, हे ग्रामसभेत आधीच ठरवून ठेवा.

भेगा. मे महिन्यात वाडीच्या वरचा उतार चालून पाहा. भेग दिसली की दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर एकेक खुंटी ठोका, माथ्यावर खिळा मारा आणि खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. भेगेत चिकणमाती ठासा, वर प्लास्टिक अंथरा. वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूच्या ओढ्याकडे न्या. नाहीतर ते भेगेतूनच आत मुरतं आणि आतली माती सुटते. पावसात हे अंतर रोज वाढू लागलं, तर पावसाचे मिलिमीटर भरायची वाट पाहू नका, वाडी सोडा.

तिरके झालेले खांब, अचानक अडकणारी दारं, गढूळ झालेला झरा, जमिनीतून नव्याने फुटलेलं पाणी हेही इशारेच. सगळ्यात फसवी खूण म्हणजे पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी होणं. लोकांना हायसं वाटतं, पण वर माती आणि झाडं अडकून बांध झालेला असू शकतो, आणि तो फुटतो.

बाहेर पडणं. अंधार पडायच्या आत. इरशाळवाडीला दरड रात्री आली आणि वर गाडीरस्ता नसल्याने मदतीला चालत जावं लागलं. ओढ्याच्या काठाने खाली उतरू नका, आडवे बाजूला जा. निवाऱ्याची शाळा ओढ्याच्या तोंडाशी असेल तर दुसरी जागा शोधा. म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि आजारी यांना कोण नेणार, ती नावं जूनमध्येच पोलीस पाटलांकडे लिहून द्या. निघताना गुरांची दावी सोडा. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. नाही लागला तर ११२.