टाइमस्टॅम्प हाताळताना या चुका टाळा: खालच्या पातळीवरच्या कोडमधले वेळेचे घोळ

१७००००००००. कुठल्यातरी फाइलमध्ये किंवा नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटमध्ये तुम्हाला हा आकडा दिसला. ही कुठली वेळ? युनिक्सचे (१९७० पासून मोजलेले) सेकंद मानले तर १४ नोव्हेंबर २०२३, रात्रीचे २२:१३:२० यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ). एनटीपीचे, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या प्रोटोकॉलचे (१९०० पासूनचे) सेकंद मानले तर तीच तारीख, पण साल १९५३. विंडोजच्या फाइलटाइमचे टिक (घड्याळाचे छोटे ठोके) मानले तर १ जानेवारी १६०१ ची मध्यरात्र उलटून जेमतेम २ मिनिटं ५० सेकंद झालेत. आकडा तोच, पण उत्तरांमध्ये शतकांचा फरक.

वेळेच्या प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी न लिहिता येतात: मोजणी कुठून सुरू झाली, एकक कोणतं आणि मोजणारं घड्याळ कोणतं. सी सारख्या भाषेत या तिन्ही गोष्टी टाइपमध्ये कुठेच दिसत नाहीत. समोर असतो तो फक्त एक पूर्णांक. इतक्या वर्षांत मी वेळेचे जेवढे बग पाहिले, त्यातले बहुतेक यातली एखादी गोष्ट मनातल्या मनात गृहीत धरल्यामुळेच झाले होते. म्हणून व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहायची सवय लावून घ्या. नुसतं ‘वेळ’ नको, ‘वेळ_युनिक्स_नॅनो’ लिहा. टायपिंग थोडं वाढतं, पण पुढचे कित्येक तास वाचतात.

टाइम_टी म्हणजे काय, हे गृहीत धरणं

टाइम_टी हा सी मधला वेळ ठेवायचा टाइप. तो पूर्णांकच असेल किंवा त्यात सेकंदच असतील, याची हमी सी भाषेचं मानक देत नाही. ती हमी पॉझिक्सची, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाची आहे. म्हणूनच दोन वेळांमधलं अंतर काढायला मानकाने डिफटाइम हे वेगळं फंक्शन दिलंय. आजच्या जवळपास सगळ्या सिस्टिमवर टाइम_टी पूर्णांक सेकंदच असतो हे खरं, पण त्याची रुंदी मात्र सगळीकडे सारखी नसते आणि खरी अडचण तिथेच आहे.

३२ बिटांचा साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) टाइम_टी १९ जानेवारी २०३८ रोजी ०३:१४:०७ यूटीसीला भरतो. त्याच्या पुढच्या सेकंदाला घड्याळ १३ डिसेंबर १९०१ वर जातं. २०३८ अजून लांब आहे असं वाटत असेल, तर तीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते किंवा वीस वर्षांच्या सर्टिफिकेटची मुदत मोजणारा कोड तपासून पाहा. त्यांच्यासाठी ती तारीख कधीच आलेली आहे. ३२ बिटांच्या लिनक्ससाठी ग्लिबसीने (लिनक्सवरच्या सी लायब्ररीने) २.३४ आवृत्तीपासून ६४ बिटांचा टाइम_टी दिला, पण तो आपोआप मिळत नाही. _टाइम_बिट्स आणि _फाइल_ऑफसेट_बिट्स हे दोन्ही मॅक्रो ६४ ठेवून कंपाइल करावं लागतं. आणि एक लायब्ररी जुन्या पद्धतीने, दुसरी नव्या पद्धतीने कंपाइल झाली, तर दोघींच्या मधून जाणाऱ्या स्ट्रक्टचा आकारच जुळत नाही. मग वेळ चुकते ती चुकतेच, शिवाय शेजारची फील्डही बिघडतात.

यावरून दोन नियम घाला. टाइम_टी फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर जसाच्या तसा कधीही लिहू नका. आधी ६४ बिटांच्या साइन्ड पूर्णांकात न्या, बाइटचा क्रम ठरवा आणि मग लिहा. आणि छापताना ‘लाँग’चा फॉरमॅट वापरू नका, कारण ६४ बिटांच्या विंडोजवरही लाँग ३२ बिटांचाच असतो. ‘लाँग लाँग’मध्ये कास्ट करा आणि त्याच फॉरमॅटने छापा.

फाइलटाइमचं रूपांतर घाईत लिहिणं

विंडोजचा फाइलटाइम १ जानेवारी १६०१ यूटीसीपासून १०० नॅनोसेकंदांचे टिक मोजतो. तिथून युनिक्सच्या १९७० पर्यंत ११६४४४७३६०० सेकंद होतात. हा आकडा बहुतेकांना माहीत असतो, तरीही रूपांतर चुकतं, आणि तेही तीन ठिकाणी.

पहिलं ठिकाण म्हणजे पॉइंटर. फाइलटाइम हा ३२ बिटांच्या दोन तुकड्यांचा स्ट्रक्ट आहे. त्याच्या पत्त्याला ६४ बिटांच्या पूर्णांकाचा पॉइंटर म्हणून कास्ट करायचा मोह होतो, पण तो स्ट्रक्ट ८ बाइटच्या सीमेवर असेलच असं नाही. काही प्रोसेसरवर अशा वाचनाने प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. दोन्ही तुकडे हाताने जोडा.

दुसरं ठिकाण म्हणजे ते जोडणं. वरचा तुकडा ३२ बिटांचा असतानाच त्याला ३२ जागा डावीकडे सरकवलं, तर सी मध्ये त्याचा परिणाम अपरिभाषित आहे. आधी ६४ बिटांत न्या, मग सरकवा.

तिसरं ठिकाण सगळ्यात फसवं आहे. सेकंद काढताना बरेच जण आधी १९७० चं अंतर वजा करतात आणि मग एक कोटीने भागतात. तारीख १९७० नंतरची असेल तर काहीच बिघडत नाही. त्याआधीची असेल तर वजाबाकीनंतर आकडा ऋण होतो आणि सी चा भागाकार शून्याच्या दिशेने तुटतो. सेकंद एकाने चुकतो आणि बाकीही ऋण येते. टाइमस्पेकमधले (सेकंद आणि नॅनोसेकंद ठेवणाऱ्या पॉझिक्स स्ट्रक्टमधले) नॅनोसेकंद तर ० ते ९९९९९९९९९ याच मर्यादेत असावे लागतात. यावर साधा उपाय म्हणजे क्रम उलटा करणं. फाइलटाइम स्वतः ऋण नसतो, म्हणून आधी भागा, मग वजा करा:

सेकंद = (साइन्ड ६४)(टिक / १०००००००) − ११६४४४७३६००
नॅनो = (टिक % १०००००००) × १००

साइन्डचं कास्ट वजाबाकीच्या आधी आलंय, तेही जपा. अनसाइन्डमध्येच वजा केलं तर १९६९ ची फाइल थेट अब्जावधी वर्षं पुढे जाते.

जिथे आकडा मुळातच ऋण असू शकतो, उदाहरणार्थ १९७० आधीचे मिलिसेकंद, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे भागाकारानंतर बाकी ऋण आली का ते पाहायचं; आली असेल तर बाकीत १००० मिळवायचे आणि सेकंदांतून एक कमी करायचा. −१५०० मिलिसेकंदांचं बरोबर उत्तर −२ सेकंद आणि अधिक ५०० मिलिसेकंद असं आहे.

आधी गुणणं, मग भागणं

हा बग मी प्रत्यक्ष शोधलाय आणि त्यात आठवडा गेलाय. विंडोजवरचा एक प्रोग्रॅम अधूनमधून एका टाइमआउटवर अडकून बसायचा. तो पुन्हा चालू केला की सगळं सुरळीत, त्यामुळे कोणीतरी तो पुन्हा चालू करायचं आणि विषय तिथेच थांबायचा. शेवटी सगळे लॉग शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की दर वेळी मशीन सुरू होऊन १० दिवस आणि १६ तास झालेले असायचे.

क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर (विंडोजचा बारीक वेळ मोजणारा काउंटर) टिक देतो आणि त्याची वारंवारता बऱ्याच मशीनवर १ कोटी हर्ट्झ असते. मायक्रोसेकंद काढायला टिकना आधी दहा लाखांनी गुणलं आणि मग वारंवारतेने भागलं, तर साइन्ड ६४ बिटांचा गुणाकार ९२२३३७ सेकंदांनी फुटतो. म्हणजे जवळपास तेच १० दिवस १६ तास. वेळ ऋण झाली आणि आधी मोजून ठेवलेली मुदत काही केल्या येईना. हेच नॅनोसेकंदांसाठी केलं असतं तर १५ मिनिटं २२ सेकंदांत फुटलं असतं आणि चाचणीतच सापडलं असतं. चूक थोडी सौम्य होती म्हणूनच ती इतके दिवस लपून राहिली.

बरोबर रीत अशी:

पूर्ण = टिक / वारंवारता
उरलेले = टिक % वारंवारता
नॅनो = पूर्ण × १०००००००००
 + उरलेले × १००००००००० / वारंवारता

मॅकवरही हेच सांभाळावं लागतं. इंटेलच्या मॅकवर मॅक_ॲब्सोल्यूट_टाइम या वेळ देणाऱ्या फंक्शनचा एक टिक म्हणजे एक नॅनोसेकंद असायचा, म्हणून कित्येकांनी टाइमबेस (टिकचे नॅनोसेकंद करायचं गुणोत्तर) विचारायची तसदीच घेतली नाही. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते गुणोत्तर १२५/३ आहे. तो कोड तिथे नेला की सगळे कालावधी जवळपास ४२ पटींनी लहान दिसतात.

कालावधी मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरणं

एखादं काम किती वेळ चाललं हे मोजताना ‘आत्ता किती वाजले’ हे विचारू नका. ते घड्याळ एनटीपी पुढेमागे करतं, वापरणाराही बदलतो. कालावधीसाठी एकाच दिशेने जाणारं घड्याळ घ्या: पॉझिक्सवर क्लॉक_मोनोटॉनिक, विंडोजवर वर सांगितलेला काउंटर. मात्र त्यातही एक खाच आहे. लिनक्सवर मशीन झोपलेलं असताना क्लॉक_मोनोटॉनिक थांबतं, मॅकवर ते चालूच राहतं. झोपेचा वेळही धरायचा असेल तर लिनक्सवर क्लॉक_बूटटाइम घ्यावं लागतं.

सी मधल्या ‘क्लॉक’ फंक्शनने कालावधी मोजणं तर टाळाच. पॉझिक्सवर ते प्रोसेसरचा वापरलेला वेळ देतं, मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत प्रत्यक्ष उलटलेला वेळ देतं. स्लीप मारून पाहा, दोन्हीकडे उत्तर वेगळं येईल.

विंडोजचा गेटटिककाउंट ३२ बिटांत मिलिसेकंद मोजतो आणि ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. तुलना ‘आत्ता > मुदत’ अशी न करता अनसाइन्डमध्ये ‘आत्ता − सुरुवात >= कालावधी’ अशी केली, तर शून्य ओलांडतानाही उत्तर बरोबर येतं. मायक्रोकंट्रोलरवरच्या ३२ बिटांच्या टायमरलाही हाच नियम लागू आहे, आणि तिथे तो पाळला नाही की उपकरण दूर कुठेतरी बसवल्यावर महिना-दीड महिन्याने अडकतं.

मेकटाइमवर नको तेवढा विश्वास

कॅलेंडरच्या तारखेवरून सेकंद काढायला सगळे मेकटाइम या सी मधल्या फंक्शनकडे जातात. ते स्थानिक वेळेसाठी आहे, हे अनेकदा विसरलं जातं. हातात यूटीसी तारीख असेल तर मेकटाइम चुकीचं फंक्शन आहे. त्याच्या उत्तरात टाइमझोनचा फरक मिळवून काम चालवणारे असतात. डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत) बदलतं त्या दिवशी त्यांचं उत्तर एका तासाने हुकतं. टीझेड हे टाइमझोन सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तात्पुरतं यूटीसी करून पुन्हा जागेवर ठेवणारेही असतात. थ्रेड एकाहून जास्त असतील तर त्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडलाही यूटीसीच दिसतो. टाइमजीएम हे योग्य फंक्शन सी२३ मध्ये मानकात आलं, त्याआधी ते ग्लिबसी, बीएसडी अशा काही लायब्ररींपुरतं होतं, आणि विंडोजवर त्याचं नाव _मेकजीएमटाइम आहे.

माझं मत विचाराल तर हा हिशोब स्वतः लिहा. तो दहा ओळींचा आहे आणि समजून घेण्यासारखा आहे. वर्ष मार्चपासून सुरू होतं असं मानायचं, म्हणजे लीप दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि मधल्या महिन्यांची कटकट संपते. जानेवारी-फेब्रुवारी असेल तर वर्षातून एक वजा करायचं. मार्च ०, एप्रिल १ असं करत फेब्रुवारी ११:

शतकगट = तळभाग(वर्ष / ४००)
गटातलं वर्ष = वर्ष − शतकगट × ४००
वर्षातला दिवस = (१५३ × महिना + २) / ५ + तारीख − १
गटातला दिवस = गटातलं वर्ष × ३६५
 + गटातलं वर्ष / ४ − गटातलं वर्ष / १००
 + वर्षातला दिवस
दिवस = शतकगट × १४६०९७ + गटातला दिवस − ७१९४६८

ग्रेगोरियन कॅलेंडरच्या ४०० वर्षांत नेमके १४६०९७ दिवस असतात. १ जानेवारी १९७० घालून पाहा: वर्ष १९६९, महिना १०, शतकगट ४, वर्षातला दिवस ३०६, गटातला दिवस १३५०८०. बेरीज ७१९४६८ येते आणि उत्तर शून्य. टाइमझोन नाही, ग्लोबल स्थिती नाही, थ्रेडची भीती नाही. फक्त शतकगटाचा भागाकार तळाकडे जाणारा हवा, नाहीतर ऋण वर्षांना तीच जुनी चूक होते.

स्थानिक वेळेसाठी मेकटाइम लागतंच. तेव्हा त्याला द्यायचा तारखेचा स्ट्रक्ट आधी पूर्ण शून्य करा आणि टीएम_आयएसडीएसटी (डेलाइट सेव्हिंग चालू आहे का हे सांगणारं फील्ड) मध्ये −१ घाला. स्ट्रक्ट शून्य न करता ते फील्ड तसंच सोडलं तर स्टॅकवर जे काही पडलेलं असेल त्यावर उत्तर ठरतं: डिबग बिल्डमध्ये ठीक, रिलीजमध्ये एक तास पुढे. आणि −१ हे उत्तर म्हणजे अपयशच असं नाही. ३१ डिसेंबर १९६९, २३:५९:५९ यूटीसीचं खरं उत्तरही −१ आहे. खात्री करायची तर मेकटाइमला बोलावण्याआधी टीएम_डब्ल्यूडे या वाराच्या फील्डमध्ये −१ ठेवा. फंक्शन यशस्वी झालं असेल तर तिथे ० ते ६ मधला वार आलेला दिसेल.

‘उद्या याच वेळी’ म्हणून ८६४०० मिळवणंही याच जातीचं. तारखेत एक मिळवा आणि मेकटाइमला सोडवू द्या. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला होता. टाइमझोनचे नियम सरकारं ठरवतात, त्यामुळे ते कोडमध्ये कोरून ठेवता येत नाहीत.

लोकलटाइमचं एकच भांडं

लोकलटाइम आणि जीएमटाइम ही सेकंदांवरून तारीख काढणारी फंक्शन एकाच स्थिर जागेचा पॉइंटर परत देऊ शकतात, म्हणून दुसऱ्या कॉलने पहिलं उत्तर पुसलं जातं. पॉझिक्सवर लोकलटाइम_आर वापरा. विंडोजवर लोकलटाइम_एस आहे, पण त्याच्या अर्ग्युमेंटचा क्रम सी११ मधल्या त्याच नावाच्या फंक्शनच्या उलटा आहे. यासाठी स्वतःचं एक छोटं फंक्शन ठेवा आणि प्लॅटफॉर्मचा फरक फक्त त्याच्या पोटात राहू द्या. मायक्रोसॉफ्टचं लोकलटाइम १९७० आधीच्या वेळेला नल देतं, तेही तिथेच तपासा.

वेळ फ्लोटमध्ये ठेवणं

सिंगल फ्लोटमध्ये आजचे युनिक्स सेकंद ठेवले तर दोन शेजारच्या किमतींत १२८ सेकंदांचं अंतर पडतं. डबलमध्ये ते साधारण २३८ नॅनोसेकंद आहे. लॉग वाचायला एवढं पुरतं, पण दोन फाइलींची वेळ सारखी आहे का हे पाहताना पुरत नाही. ६४ बिटांच्या पूर्णांकात १९७० पासूनचे नॅनोसेकंद ठेवले तर २२६२ पर्यंत जागा आहे.

फाइलींची तुलना करताना मूळ साठवणुकीची बारकाईही लक्षात घ्या. फॅट फाइल सिस्टिम बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांत आणि तीही स्थानिक वेळेत ठेवते. पेन ड्राइव्हवर कॉपी केलेली फाइल मूळ फाइलशी नॅनोसेकंदापर्यंत जुळत नाही म्हणून ‘बदलली’ ठरवणारा बॅकअप प्रोग्रॅम दर वेळी सगळंच पुन्हा कॉपी करतो.

चाचणीत कोणत्या वेळा घालायच्या

आजची तारीख घालून केलेली चाचणी यातलं काहीच पकडत नाही. मी प्रत्येक रूपांतराला हे आकडे घालतो: ०, −१, −१५०० मिलिसेकंद, २१४७४८३६४७ आणि त्याच्या पुढचा एक, ४२९४९६७२९५, फाइलटाइमचा ० टिक, २९ फेब्रुवारी २०००, १ मार्च १९०० आणि १ मार्च २१००. शेवटच्या दोन वर्षांत २९ फेब्रुवारी नाही. प्रत्येक किंमत पलीकडे नेऊन परत आणायची आणि मूळ आकडा बिट न् बिट जुळतो का ते पाहायचं. हीच चाचणी टीझेड बदलून दोनदा चालवायची: एकदा यूटीसीत, एकदा काठमांडूच्या झोनमध्ये. तिथला फरक ५ तास ४५ मिनिटांचा आहे, त्यामुळे फरक पूर्ण तासांचाच असतो असं कुठे गृहीत धरलं असेल तर ते लगेच उघडं पडतं.