सोलापुरात कॉम्प्युटर सायन्सचं संशोधन: चादरी मोजा, तुकडे नकोत

केगावच्या सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला आल्यावर पहिलं वर्ष प्रॅक्टिकलच्या जर्नल्समध्ये निघून जातं आणि प्रोजेक्टचा विषय शेवटच्या सत्रात, घाईघाईत, इंटरनेटवरून उचलला जातो. फुलं ओळखणं, अंक ओळखणं, घरांच्या किमती. या विषयांवर जगाने इतकं काम करून ठेवलंय की त्यात भर घालायला जागा उरलेली नाही. सोलापुरात बसून मोठ्या कंपन्यांच्या जीपीयूंशी (आकडेमोडीच्या वेगवान कार्डांशी) स्पर्धा होणार नाही. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमागावरची चादर त्यांच्याकडे नाही, आणि एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारं गावही नाही. विषय तिथून घ्या.

चादरीतले दोष फोटोवरून ओळखायचे, असं धरू. उभा धागा तुटलेला, आडवा धागा सुटलेला, तेलाचा डाग, गाठ. दोषांची नावं तपासणाऱ्या कामगाराकडूनच घ्या, कारण आपल्याला जो एक दोष दिसतो त्याचे तो दोन प्रकार करतो. लेबलं किमान दोघांकडून, एकमेकांना न दाखवता लावून घ्या. दोघांचंच जमत नसेल, तर मॉडेलकडून, म्हणजे फोटोंवरून दोष शिकणाऱ्या प्रोग्रामकडून, जमण्याची अपेक्षा कशाला?

आता बरीच मुलं जिथे घसरतात ती जागा. १०० चादरींचे फोटो काढले, प्रत्येकाचे २२४ बाय २२४ पिक्सेलचे २० तुकडे केले, २,००० तुकडे झाले. ते पिसून ८० टक्के शिकवायला, २० टक्के तपासायला ठेवले. अचूकता आली ९८ टक्के. पेढे वाटण्याआधी थांबा. जवळपास प्रत्येक चादरीचे सोळाएक तुकडे शिकवणीत आणि चारेक परीक्षेत गेलेत. तोच रंग, तोच प्रकाश, तोच माग. मॉडेलने चादर पाठ केली आणि त्यावरच मार्क मिळवले. पेपर फुटलेला होता. वाटणी चादरनिहाय करा: ८० चादरी इकडे, २० तिकडे. सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीत त्यासाठी ग्रुप-के-फोल्ड ही सोय आहे. मागनिहाय केली तर आणखी उत्तम. आकडा धाडकन खाली येईल; छापायचा तोच.

अचूकता हा आकडाही फसवा. २,००० तुकड्यांत सदोष १०० असतील, तर डोळे मिटून 'सगळं चांगलं' म्हणणारा प्रोग्रामही ९५ टक्के घेतो. रिकॉल (खऱ्या दोषांपैकी किती पकडले) आणि प्रिसिजन (दोष म्हणून दाखवलेल्यांपैकी किती खरे) वेगवेगळे द्या. परीक्षेतल्या ४०० तुकड्यांत सदोष २० च निघाले, तर एक तुकडा चुकला की रिकॉल ५ टक्क्यांनी हलतो. मग 'आमचं मॉडेल २ टक्क्यांनी सरस' या वाक्याला काय अर्थ राहिला? वेगवेगळ्या सीडवर, म्हणजे यादृच्छिकपणाचा सुरुवातीचा आकडा बदलून, निदान पाच वेळा चालवा, सरासरीसोबत प्रमाण विचलन लिहा. आणि हे सगळं फोटो काढण्याआधी संख्याशास्त्राच्या एखाद्या सरांना दाखवा. नंतर दाखवलंत तर ते फक्त हळहळतील.

यंत्राचं थोडक्यात. कोलॅबची (गूगलच्या ऑनलाइन संगणकाची) फुकट जोडणी फार तर बारा तास टिकते, बऱ्याचदा त्याआधीच तुटते. म्हणून दर इपॉकला (सगळे फोटो एकदा शिकवून झाले की) चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेलं मॉडेल, गूगल ड्राइव्हवर टाका. लॅबमध्ये स्वतःचा जीपीयू असेल तर एप्रिल-मेमध्ये ट्रेनिंग रात्री लावा. पारा चाळिशीपार गेला की बंद खोलीत कार्ड तापतं, आपणहून वेग कमी करतं आणि मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांचा खड्डा वेगळा. जुन्या छापखान्यांच्या फाइली युनिकोडमध्ये नसतात; फाँट बदलला की अक्षरांऐवजी चिन्हं दिसतात. आधी कन्व्हर्टर, मग युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर सगळीकडे एकाच पद्धतीने साठवणं. 'वाऱ्या'तला ऱ्या दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना एकच शब्द, संगणकाला वेगवेगळे. हे केलं नाही तर वेगवेगळ्या शब्दांची संख्या उगाच फुगते.

पीएच.डी.चा विचार असेल तर आधी यूजीसीची नेट परीक्षा. तिच्यात पेपर एकचे ५० आणि पेपर दोनचे १०० प्रश्न एकाच तीन तासांत सोडवायचे असतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडणं हा शुद्ध तोटा. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) नसेल तर ७० टक्के भार परीक्षेला, ३० मुलाखतीला, आणि त्या गुणांची मुदत एकच वर्ष. निकाल लागल्यावर गाइड शोधायला निघालात तर मुदत त्यातच संपते. आधी त्या गाइडचे शोधनिबंध वाचा, शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध चाळा, मग दोन पानी टिपण घेऊन भेटा. 'सर, विषय तुम्हीच द्या' या वाक्याने भेट तिथेच आटोपते.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, कालावधी किमान तीन वर्षांचा. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आरआरसीपुढे, म्हणजे विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, जाताना शीर्षक आटोपशीर ठेवा. 'कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे वस्त्रोद्योगाचा अभ्यास' म्हणजे काहीच नाही. 'जॅकार्ड चादरींतील तुटलेल्या उभ्या धाग्यांची ओळख' यावर समितीला प्रश्न तरी विचारता येतात. प्रबंधातलं इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत किरकोळ धरलं जातं. ते वाढतं बहुधा दुसऱ्या प्रकरणात, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात, कारण तिथे लोक सारांश चिकटवतात. निबंध वाचला की पुस्तक मिटून चार ओळी स्वतःच्या भाषेत लिहायच्या, तारीख टाकायची आणि त्याच दिवशी फोल्डरमध्ये ठेवायच्या.