फ्लॅपद्वारे स्तनपुनर्रचना: शस्त्रक्रियेनंतर काय पाहावे आणि केव्हा कळवावे

स्तन काढल्यानंतर शरीराच्या दुसऱ्या भागातील त्वचा व चरबी, कधी स्नायूसुद्धा, घेऊन नवा स्तन घडवतात. ऊतीच्या या तुकड्याला फ्लॅप म्हणतात. पाठीवरचा फ्लॅप सहसा मूळ रक्तवाहिन्यांना जोडलेलाच ठेवून पुढे फिरवतात. पोटावरचा फ्लॅप मात्र अनेकदा पूर्ण सुटा करून त्याची धमनी आणि शीर छातीतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडावी लागते. या वाहिन्या अवघ्या काही मिलिमीटर जाडीच्या असतात आणि सुट्या फ्लॅपचे जगणे त्या एका जोडावरच अवलंबून असते. तिथे गुठळी झाली, वाहिनी पिळली गेली किंवा दाबली गेली, तर रक्तपुरवठा थांबतो.

हा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो. त्यामुळे सुरुवातीला साधारण दर तासाला आणि पुढे काही दिवस थोड्या अधिक अंतराने परिचारिका फ्लॅप तपासते, रात्रीसुद्धा. रुग्णाची झोपमोड होते म्हणून सोबतच्या नातेवाइकांना ‘थोड्या वेळाने या’ असे म्हणावेसे वाटते. ते कृपया म्हणू नये, कारण या काळात झोपेपेक्षा ती तपासणी महत्त्वाची असते.

तपासणीत रंग, उष्णता, मऊपणा आणि रक्त परत भरण्याचा वेग पाहतात. फ्लॅपवर बोट हलके दाबून उचलले की तेवढी जागा क्षणभर फिकी पडते आणि साधारण दोन-तीन सेकंदांत पूर्ववत होते. धमनी बंद पडली तर फ्लॅप फिकट, गार आणि सैल पडतो व दाबलेली जागा फार हळू भरते किंवा भरतच नाही. शीर बंद पडली तर रक्त आत येत राहते, पण बाहेर जाऊ शकत नाही. मग फ्लॅप निळसर-जांभळा, फुगीर व ताठ होतो आणि दाबलेली जागा बोट उचलताच भरते. रक्त झटकन भरले म्हणजे सारे ठीक आहे, असा समज इथे घातक ठरतो, कारण शिरेचा अडथळा धमनीच्या अडथळ्यापेक्षा अधिक वेळा आढळतो. सावळ्या त्वचेवर रंगातील फरक चटकन कळत नाही. शिवाय पोटाची त्वचा मुळातच छातीच्या त्वचेपेक्षा वेगळ्या छटेची असू शकते. म्हणून छातीशी तुलना करण्यापेक्षा फ्लॅप मागच्या तपासणीच्या वेळी कसा होता, याच्याशी ताडून पाहावे. डॉप्लर यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाजही ऐकतात. तो क्षीण झाला किंवा बंद झाला, तर सर्जनला लगेच बोलावले जाते.

रुग्णाने स्वतः फ्लॅप वारंवार दाबून पाहू नये. मात्र एका बाजूला अचानक ताण जाणवला, सूज वाढली, ड्रेनमध्ये (जखमेत साचणारा द्रव बाहेर काढण्यासाठी बसवलेल्या नळीत व तिच्या पिशवीत) लालभडक रक्त वेगाने जमू लागले किंवा रंग बदलल्यासारखा वाटला, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता तत्काळ सांगावे. अशा वेळी पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेऊन गुठळी किंवा साचलेले रक्त काढतात. हे काही तासांत झाले तर फ्लॅप वाचण्याची शक्यता बरीच असते. उशीर झाला तर तो काढूनच टाकावा लागू शकतो. त्यामुळे शंका खोटी ठरेल या संकोचाने गप्प राहण्यापेक्षा दहा वेळा विचारलेले बरे.

फ्लॅपवर दाब येईल असे कुशीवर किंवा पालथे झोपू नये, सर्जनने सांगितल्याशिवाय ब्रा घालू नये आणि अंग गारठू देऊ नये, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. तंबाखू तर कोणत्याही रूपात नको. पोटावरचा फ्लॅप घेतला असेल तर टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून गुडघ्यांखाली उशी घेऊन, कमरेत थोडे वाकून झोपावे. पायांत गुठळी होऊ नये यासाठी सांगितल्याप्रमाणे लवकर चालायला लागावे. पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दाखवावे; अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर ती तातडीची अवस्था समजून क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

घरी ड्रेन असेल तर रोज ठरलेल्या वेळी, हात धुऊन, तो रिकामा करावा आणि किती मिलिलिटर द्रव आला ते लिहून ठेवावे. ड्रेन केव्हा काढायचा, हे सर्जन बहुतांशी या नोंदींवरून ठरवतात. ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा काळी पडत चाललेली कड दिसल्यास त्याच दिवशी कळवावे. पाठीच्या जखमेखाली ड्रेन काढल्यानंतरही पाणी साचू शकते. ते सुईने काढता येते. पोटावर नंतर फुगवटा जाणवला तर हर्नियासाठी तपासून घ्यावे.

दोन गोष्टी महिन्यांनंतरही ध्यानात ठेवाव्यात. नव्या स्तनाला संवेदना कमी असते किंवा नसते, त्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीने त्वचा भाजली तरी कळत नाही. तिथे शेक घेऊच नये. दुसरे म्हणजे, रक्तपुरवठा कमी पडलेली चरबी मरून तिची कडक गाठ बनू शकते. ही गाठ निरुपद्रवी असते, परंतु कर्करोग परतल्याने आलेली गाठही हाताला तशीच लागू शकते, म्हणून प्रत्येक नवी गाठ डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांनी सांगितल्यास सोनोग्राफी, एमआरआय किंवा सुईने तुकडा काढण्याची तपासणी करून घ्यावी.